उपाहारगृहाचा व्यवहार : मध्यस्थ काय देऊ शकतो आणि काय नाही

वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींत एक मजकूर नेहमी आढळतो : 'चालू हॉटेल देणे आहे. सर्व परवाने. उत्तम गल्ला.' आपल्या बोलण्यात खाणावळ, उपाहारगृह, परमिट रूम या सर्वांना 'हॉटेल' हा एकच शब्द पुरतो, हे आपण जाणतोच. परंतु 'देणे आहे' या दोन शब्दांतही विक्री, भाडे आणि चालवायला देणे असे तीन निरनिराळे अर्थ दडलेले असतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. या तीन व्यवहारांत खरेदीदाराच्या पदरी पडणारी वस्तू वेगळी, जोखीम वेगळी आणि बँकेचे उत्तरही वेगळे असते.

अशा व्यवहारात उतरणारी माणसे बहुधा मोठे भांडवलदार नसतात. कोणी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन येतो, कोणी गावाकडील जमीन विकून, तर कोणी वीस वर्षे दुसऱ्याच्या भटारखान्यात घाम गाळून साठवलेली पुंजी घेऊन. ओळख नसलेल्या शहरात चालू धंदा शोधायचा तर मध्यस्थ लागतोच, आणि चांगल्या मध्यस्थाचा उपयोगही मोठा असतो. अडचण अशी की कर्जासाठी अर्जदार शाखेत येतो तेव्हा अनेकदा विसाराची रक्कम देऊन झालेली असते. जे प्रश्न विसारापूर्वी विचारायचे ते नंतर विचारले जातात. हे प्रश्न कोणते आणि त्यांपैकी कोणत्यांची उत्तरे मध्यस्थाकडून मिळू शकतात, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. भाडे, दुकाने व मद्य यांविषयीचे कायदे राज्याराज्यांत भिन्न आहेत. येथील विवेचन त्या बाबतींत महाराष्ट्रापुरते आहे; करार व वस्तू-सेवा कर यांचे कायदे मात्र देशभर लागू आहेत.

नेमके काय विकले जाते?

सदनिका विकत घेताना एक वस्तू एका मालकाकडून आपल्याकडे येते. उपाहारगृहाचे तसे नाही. जागा बहुधा घरमालकाची असते. परवाने शासनाने आणि महापालिकेने दिलेले असतात. फ्रीज, भट्टी, ग्राइंडर ही यंत्रे एखाद्या बँकेकडे नजरगहाण असू शकतात. आचारी आणि वाढपी स्वतःचे मालक असतात. ते उद्या दुसरीकडे जाऊ शकतात. ग्राहक तर कोणाचाच नसतो. विक्रेत्याच्या हाती निर्विवादपणे असते ते नाव, काही सामान आणि आजवरचा नावलौकिक.

म्हणजेच 'चालू हॉटेल' ही एक वस्तू नसून निरनिराळ्या हातांतील धाग्यांनी विणलेला एक गोफ आहे. मध्यस्थ दोन माणसांची गाठ घालून देतो. परंतु तिसऱ्याच्या हातातील धागा तो सोडवून देऊ शकत नाही. घरमालकाची संमती, उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आणि बँकेचे ना-हरकत पत्र ज्याच्या त्याच्याकडूनच आणावे लागते. या विषयातील बहुतेक फसगती ही एक गोष्ट विसरल्याने घडतात.

तीन प्रकारचे व्यवहार

पहिला प्रकार म्हणजे मालकीच्या जागेसह विक्री. यात जागेचे खरेदीखत नोंदवले जाते आणि व्यवसायाचे हस्तांतरण स्वतंत्रपणे होते. रक्कम मोठी असते, पण तारण भक्कम असल्याने कर्ज मिळणे तुलनेने सुलभ असते.

दुसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो : जागा भाड्याची, आणि विक्री फक्त व्यवसायाची. येथे सर्व काही घरमालकाशी असलेल्या करारावर अवलंबून असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २६ नुसार, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला आपली जागा दुसऱ्यास पोटभाड्याने देता वा हस्तांतरित करता येत नाही. पागडीच्या जुन्या जागांमध्ये घरमालकाच्या संमतीने रक्कम घेऊन हस्तांतरण करण्यास कलम ५६ ने मान्यता दिली आहे. तथापि ती संमती लेखी हवी. नवीन जागा बहुधा अनुमती व अनुज्ञा करारावर, म्हणजेच 'लीव्ह अँड लायसन्स'वर असतात. असा करार कलम ५५ नुसार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे.

तिसरा प्रकार 'चालवायला देण्याचा', अर्थात कंडक्टिंगचा. परवाने व नाव मूळ मालकाचे राहते, चालवणारा अनामत रक्कम देतो आणि दरमहा ठरावीक रक्कम भरतो. वय झालेल्या मालकांना हा मार्ग सोयीचा वाटतो. परंतु मूळ मालक स्वतःच भाडेकरू असेल तर कंडक्टिंगच्या नावाखाली पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा घरमालक करू शकतो, आणि बेकायदा पोटभाडे हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. कराराला नाव काय दिले यापेक्षा त्याचे अंतरंग काय आहे हे न्यायालय पाहते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील जागेच्या खटल्यात भाडेपट्टा आणि अनुज्ञप्ती यांतील भेद सांगताना हे तत्त्व मांडले, आणि आजही ते आधारभूत मानले जाते. कराराच्या शीर्षकावर विसंबून राहू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

मध्यस्थाचे कायदेशीर स्थान

स्थावर संपदा कायदा, २०१६ (रेरा) अन्वये मध्यस्थांची नोंदणी बंधनकारक झाली, ती नोंदणीकृत गृह व व्यापारी प्रकल्पांतील विक्रीसाठी. चालू उपाहारगृहाच्या हस्तांतरणाला ती लागू होत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील मध्यस्थाला आधार आहे तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील अभिकर्त्याविषयीच्या तरतुदींचा. त्यांपैकी तीन प्रत्येक ग्राहकाने माहीत करून घ्याव्यात.

कलम २१९ नुसार, वेगळा करार नसेल तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही. मात्र 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दलालीच्या पत्रात 'विसार देताच पूर्ण दलाली देय' असे वाक्य असेल आणि आपण स्वाक्षरी केली असेल, तर पुढे घरमालकाने नकार दिला तरी दलालीची मागणी उभी राहते. दलाली टप्प्याटप्प्याने, आणि मोठा हिस्सा ताबा व परवाने मिळाल्यावर, अशी अट आरंभीच घालावी.

कलम २२० नुसार, कामात गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्याला त्या भागाच्या कामाचा मोबदला मागता येत नाही. कलम २१५ व २१६ स्वतःच्या लाभासाठी केलेल्या व्यवहाराविषयी आहेत. मध्यस्थाने न सांगता स्वतः किंवा नातेवाइकाच्या नावे धंदा विकत घेतला, तर योग्य परिस्थितीत मालकाला तो व्यवहार नाकारता येतो किंवा त्यातील लाभ मागता येतो. 'मला इतके हातात द्या, वरचे तुमचे' ही पद्धत याच कारणाने टाळावी. त्यात विक्रेत्याला खरी किंमत कळत नाही आणि खरेदीदाराला खरी दलाली कळत नाही.

बाजारात एकच मध्यस्थ दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. दोघांनाही ते माहीत असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु दोन्ही डगरींवर पाय असलेल्या माणसाकडून किंमत घासून कमी करण्याची अपेक्षा खरेदीदाराने ठेवू नये. मध्यस्थाचे हित व्यवहार होण्यात असते. तो चांगला होण्यात असेलच असे नाही. हा त्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, मोबदल्याच्या रचनेचा आहे. म्हणून पडताळणीचे काम वेगळ्या माणसाकडे, म्हणजे स्वतःच्या वकिलाकडे आणि सनदी लेखापालाकडे सोपवावे.

गल्ला खरा की सांगीव?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीचा प्रत्यय उपाहारगृहाच्या किमतीत फार येतो. विक्रेता म्हणतो, 'कागदावर कमी दिसते, प्रत्यक्षात दुप्पट आहे.' जी विक्री कर खात्याला दाखवली नाही, तिची किंमत मोजण्याचे खरेदीदाराला काहीच कारण नाही. बँकही कर्ज देताना कागदावरचीच विक्री धरते.

पडताळणीची साधने हाताशी असतात. वस्तू व सेवा कराची मासिक वा त्रैमासिक विवरणपत्रे, चालू खात्याचा उतारा आणि कार्ड व यूपीआयच्या जमा रकमा एकमेकांशी ताडून पाहाव्यात. मोबाइल अॅपवरून घरपोच होणाऱ्या विक्रीवरील कर १ जानेवारी २०२२ पासून ती कंपनी भरते, आणि ती विक्री विवरणपत्रात वेगळी दाखवली जाते. तिच्यावरील कमिशन किती कापले जाते तेही पाहावे. त्याखेरीज १९ किलोच्या व्यावसायिक गॅस सिलिंडरांची आणि दुधाची बिले मागावीत. गल्ला फुगवून सांगता येतो. महिन्याला जळलेला गॅस फुगवून सांगणे कठीण. निरनिराळ्या वारी दुपारी व रात्री स्वतः जाऊन बसावे आणि टेबले मोजावीत.

आता उदाहरणादाखल एक हिशोब मांडू. समजा, एका उपाहारगृहाची विक्री महिन्याला ९ लाख रुपये आहे. कच्चा माल ३ लाख १५ हजार, पगार १ लाख ८० हजार, भाडे दीड लाख, वीज व गॅस ७५ हजार, घरपोच विक्रीचे कमिशन ६० हजार, दुरुस्ती व किरकोळ ३० हजार. एकूण खर्च ८ लाख १० हजार. शिल्लक ९० हजार. येथे अनेकजण थांबतात. परंतु मालक दिवसाचे बारा तास गल्ल्यावर बसतो, त्या श्रमाचे ४० हजार तरी धरायला हवेत. उरले ५० हजार, वर्षाला ६ लाख.

मागणी आहे ३० लाखांची : ८ लाखांची यंत्रे व फर्निचर, घरमालकाकडे असलेली ६ लाखांची अनामत आणि १६ लाखांचा नावलौकिक. खरेदीदार २० लाख रुपये ११ टक्के दराने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतो. मासिक हप्ता होतो सुमारे ४३,५०० रुपये. म्हणजे ५० हजारांतून साडेसहा हजार उरतात. एक महिना पावसाने गिऱ्हाईक कमी झाले, एक आचारी सोडून गेला, की हप्ता घरखर्चातून भरावा लागणार.

याहून गंभीर बाब अजून पुढेच आहे. समजा, घरमालकाशी असलेल्या कराराचे केवळ २७ महिने उरले आहेत. दरमहा ५० हजारांप्रमाणे २७ महिन्यांत मिळतात साडेतेरा लाख. नावलौकिकापोटी मोजले १६ लाख. व्याज न धरताही हा भाग वसूल होण्यापूर्वी करार संपतो, आणि कर्जाचे ३३ हप्ते मात्र तसेच उभे राहतात. नूतनीकरणाच्या वेळी घरमालकाने भाडे वाढवले तर सारा नफा त्याच्याकडे जाईल. नकार दिला तर १६ लाखांचा नावलौकिक रस्त्यावर येईल. म्हणून कर्जाची मुदत जागेच्या कराराच्या मुदतीपेक्षा अधिक असू नये, हा साधा नियम मनाशी पक्का करावा. घरमालकाशी नवा, पुरेशा मुदतीचा करार होत असेल तरच नावलौकिकाची किंमत द्यावी.

परवाने आणि जुनी देणी

'सर्व परवाने आहेत' या वाक्यात परवाने कोणाच्या नावे आहेत हे येत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील परवाना व्यवसाय चालवणाऱ्याच्या नावे आणि ठरावीक जागेसाठी असतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी ९० दिवसांची सोय आहे, परंतु विक्रीने परवाना आपोआप खरेदीदाराकडे येत नाही. त्याला स्वतःचा परवाना काढावा लागतो. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खालील परवाना लागतो. त्याचेही हस्तांतरण रीतसर करून घ्यावे लागते. परमिट रूम असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी हवीच. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एफएल-३ परवाना कंडक्टिंग करारावर चालवू देण्याचा निर्णय घेतला, तोही वार्षिक शुल्काच्या १० टक्के अतिरिक्त शुल्क आकारून. म्हणजे परस्पर केलेली तोंडी व्यवस्था पूर्वीही मान्य नव्हती आणि आताही नाही.

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष जागा ताडून पाहणे तितकेच आवश्यक. मागच्या बाजूचे पत्र्याचे छत किंवा गच्चीवरील बैठक हीच विक्रीची जागा असेल आणि ती अनधिकृत असेल, तर महापालिकेच्या एका कारवाईत अर्धी टेबले जातात. हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल परिसरातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाची प्रमाणपत्रे नियमित दिली आहेत का, ते अवश्य पाहावे.

जुनी देणी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ८५ नुसार, व्यवसायाचे हस्तांतरण झाल्यास तोपर्यंतचा थकित कर, व्याज व दंड यांसाठी देणारा आणि घेणारा दोघेही संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. हे कलम विक्रीइतकेच भाडेपट्टा व लीव्ह अँड लायसन्स यांनाही लागू आहे. म्हणून कंडक्टिंगवर घेणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीबाबत कायद्याचे तत्त्व असेच आहे. विजेच्या थकबाकीविषयी, पुरवठा नियमांत तशी तरतूद असल्यास जुनी बाकी नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मधील निकालात स्पष्ट केले. या सर्वांची ना-देय प्रमाणपत्रे मागावीत आणि शेवटच्या हप्त्यातील काही रक्कम सहा महिने राखून ठेवण्याची अट करारात घालावी.

विक्रेत्याने घ्यावयाची काळजी

आतापर्यंतचे विवेचन खरेदीदाराच्या बाजूने झाले; पण विक्रेत्याचेही बरेच काही पणाला लागलेले असते. धंदा विकायला काढल्याची बातमी पसरली की आधी आचारी नोकरी शोधू लागतो, मग पुरवठादार उधारी थांबवतो. म्हणून एकाच मध्यस्थाला, लेखी आणि ठरावीक मुदतीचे काम द्यावे. त्याने कोणाकोणाला जागा दाखवली त्याची यादी ठेवावी. हिशोबाची कागदपत्रे गंभीर खरेदीदारालाच, वकिलामार्फत दाखवावीत. चालवायला देणाऱ्याने ध्यानात ठेवावे की परवाना आपल्या नावे असेतो विषबाधेपासून करचुकवेगिरीपर्यंतच्या प्रत्येक प्रकरणात पहिली नोटीस आपल्यालाच येणार.

खरेदीदार आपणाकडून एक हमी मागेल, ती रास्त आहे हेही समजून घ्यावे. समोरच्याच गल्लीत तोच आचारी घेऊन नवे दुकान थाटले तर नावलौकिकाची किंमत कसली घेतली? धंदा करण्यास प्रतिबंध करणारे करार सर्वसाधारणपणे अवैध असतात. परंतु नावलौकिक विकणाऱ्याने ठरावीक परिसरात तसाच धंदा न करण्याचे मान्य करणे, हा करार कायद्याच्या कलम २७ मधील मान्य अपवाद आहे. मर्यादा वाजवी असावी इतकेच. नाव बोधचिन्ह म्हणून नोंदवलेले असेल तर तेही लेखी हस्तांतरित करावे.

व्यवहाराचा योग्य क्रम

१. मध्यस्थाशी लेखी करार करावा. दलाली किती, केव्हा देय आणि दुसऱ्या बाजूकडूनही घेतली जाणार का, हे त्यात स्पष्ट असावे.

२. घरमालकाची प्रत्यक्ष भेट घ्यावी. विक्रेता वा मध्यस्थ ही भेट टाळत असेल तर तेथेच थांबावे.

३. किमान दोन वर्षांची विवरणपत्रे, बँकेचे उतारे व परवाने तपासावेत.

४. यंत्रसामग्रीवर बोजा आहे का, हे पाहावे. असल्यास संबंधित बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे. नजरगहाण वस्तू बँकेच्या संमतीविना विकता येत नाही.

५. कर्ज हवे असल्यास याच टप्प्यावर शाखेत यावे.

६. त्यानंतरच विसार द्यावा, तोही धनादेशाने वा बँक हस्तांतरणाने, आणि 'घरमालकाची संमती, परवाने व कर्जमंजुरी न मिळाल्यास विसार परत' या अटीसह. एप्रिल २०१७ पासून २ लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि स्वीकारणाऱ्यास तितकाच दंड होऊ शकतो.

७. वकिलामार्फत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात आणि मगच अंतिम करार करावा.

पाचवा टप्पा सहाव्याच्या आधी का, हे आमच्या कर्मचारी बंधू-भगिनींनीही ग्राहकांस आवर्जून सांगावे. विसारापूर्वी आलेल्या ग्राहकाला आपण जागेच्या कराराची मुदत, नजरगहाणाचा बोजा आणि हप्त्याचा भार दाखवून देऊ शकतो. त्याने विचार बदलला तरी त्याची पुंजी सुरक्षित राहते, आणि योग्य व्यवहार घेऊन तो पुन्हा येतो. विसारानंतर आलेल्याला आपण केवळ होकार वा नकार देऊ शकतो, आणि नकार दिला तर त्याच्या आयुष्याच्या कमाईचा काही भाग बुडालेला असतो.

चांगला मध्यस्थ या क्रमाला विरोध करत नाही. उलट कागदपत्रे मिळवून देण्यात आणि घरमालकाची भेट घडवून आणण्यात त्याची खरी मदत होते. त्या मदतीचा मोबदला त्याला आनंदाने द्यावा. घाई करणाऱ्याला मात्र एवढेच सांगावे की आठवडाभर थांबल्याने निसटणारा व्यवहार हा बहुधा निसटलेलाच बरा.